भाजलेले हुलगे

एस्तेरबाईंवर मी अजून रागावलेली आहे. त्यांना जाऊन कितीतरी वर्षं लोटली, माझी नातवंडं शाळेत जायला लागली, गुडघे कुरकुरायला लागले, तरी हा राग काही म्हातारा होत नाही. दर रविवारी देवळात क्षमेची प्रार्थना येते तेव्हा मी एकेकाला मोकळं करत जाते. भांडकुदळ जाऊ, दुधात पाणी घालणारा गवळी, माझी बढती अडवणारी दवाखान्यातली मोठी सिस्टर, सगळे सुटतात. एस्तेरबाईंपाशी आले की गाडी अडते. आणि पंचाईत अशी की झाडापानांतलं, किडामुंगीतलं जे काही मला दिसतं ते त्यांनीच दाखवलेलं. ज्यांनी डोळे दिले त्यांच्यावरच डोळे वटारून बसायचं, अशी ही माझी तऱ्हा.

देऊळ म्हणजे चर्चच. सोलापुरात आमच्या लोकांत चर्चला देऊळ म्हणायची जुनी रीत आहे. त्या देवळाच्या आवारात, आडाला लागून असलेल्या एका खोलीत एस्तेरबाई राहायच्या. आठवडाभर आवारातल्याच बालवाडीत शिकवायच्या आणि रविवारी आम्हा मुलांची शब्बाथशाळा घ्यायच्या. शब्बाथशाळा म्हणजे मोठ्यांची उपासना चालू असताना मुलांचा भरणारा धर्माचा वर्ग. बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता, मी दहा वर्षांची होते आणि शुक्रवार पेठेतून चालत देवळात जायचे, तेव्हाची ही गोष्ट.

बाई ठेंगण्या, काटक, रंगाने चांगल्या सावळ्या. नेसणं कायम निळ्या काठाचं पांढरं पातळ आणि पायात टायरच्या चपला. लग्न केलेलं नव्हतं. का नाही, हे विचारायची कुणाची छाती नव्हती. त्यांच्या पदराच्या टोकाला नेहमी एक गाठ असायची आणि त्या गाठीत काय असेल याचा नेम नसायचा. चिंचोके, गुंजा, एखादं पीस, वाळलेला भुंगा. दानाची थैली समोर आली की बाई गाठ सोडायच्या, आधी दोन-तीन बिया जमिनीवर सांडायच्या आणि मग नाणं निघायचं. बाकाखाली बिया शोधायला आम्हाला तेवढंच निमित्त मिळायचं.

त्या मूळच्या वैरागच्या आणि बोलणं अखेरपर्यंत वैरागचंच. पाळकसाहेबांच्या, म्हणजे आमच्या पाद्रींच्या, बायकोने त्यांना एकदा गोडीत सुचवलं, की मुलांपुढे जरा शुद्ध बोलावं. एस्तेरबाई म्हणाल्या, "बोलते की. पन मग पोरं माझ्या तोंडाकडं बघत बसतील, पाखराकडं बघायची न्हाईत." विषय तिथेच संपला.

त्यांच्या वर्गाला वर्ग म्हणणं धाडसाचं होतं. प्रार्थना झाली, त्या आठवड्याचं सुवर्णवचन, म्हणजे बायबलमधली एक ओळ, सगळ्यांनी पाठ म्हणून दाखवलं, की त्या खडू ठेवायच्या आणि म्हणायच्या, "चला, देव भाईर बसलाय." मग आम्ही आवारात. नाताळाआधीच्या दिवसांत त्या आम्हाला पुस्तकातून शिकवायच्या, पण एकदा उपवासाचे चाळीस दिवस सुरू झाले, की पुस्तक बंद. फाल्गुन-चैत्र हे त्यांचे महिने. आता सोलापूरचा वसंत म्हणजे काय ते सोलापूरकराला सांगायला नको. दुपारी पाय भाजतात, आडात घागर आपटते आणि डोळ्यांत धूळ जाते. आमच्यातल्या कुणीतरी एकदा म्हटलंही, की पुस्तकातला वसंत आपल्या गावात येतच नाही. बाईंनी सगळ्यांना पिंपळाखाली नेऊन उभं केलं.

"पाऊस कुटं पडलाय का? आडात पाणी हाय का? मग ही तांबडी पालवी आली कुटनं?"

आम्ही गप्प.

"म्हाईत न्हाय म्हणा की. म्हाईत न्हाय म्हणायला शिका आदी. देव तितनंच सुरू होतो."

मग आम्ही सगळ्यांनी एका सुरात "माहीत नाही" म्हटलं. बाईंना ते इतकं आवडलं, की त्यांनी ते आमच्याकडून पुन्हा म्हणवून घेतलं. हे वाक्य मी लक्षात ठेवलं. तेच पुढे मला टोचत राहिलं.

कडुलिंब मोहरला की त्या आम्हाला झाडाखाली उताणं झोपवायच्या. नियम एकच, तोंडावर फूल पडेपर्यंत बोलायचं नाही. मंडळीचे, म्हणजे देवळाच्या सभासदांचे, एक वडीलधारे कारभारी होते, दानिएल मास्तर. निवृत्त हेडमास्तर, ताठ मानेचे, सगळ्या कमिट्यांवर असलेले. ते एकदा नेमके तिथून चालले होते.

"हे काय चाललंय?"

"प्रार्थना," बाई म्हणाल्या.

"झोपून?"

"तुमच्या उपदेशात बी पोरं झोपत्यातच की मास्तर. हितं निदान डोळे तरी उघडे हायत."

मास्तर हे विसरले नाहीत. पुढे उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, बाईंनी आम्हाला कडुलिंबाचा मोहर खायला दिला, प्रभूला क्रुसावर कडू पाजलं होतं ते कसं लागलं असेल ते जिभेला कळावं म्हणून. आम्ही थू थू करायला लागल्यावर वर गुळाचा खडा दिला. मास्तर तरातरा आले. ही पाडव्याची रीत आहे, देवळाच्या आवारात चालणार नाही, म्हणाले. बाईंनी झाडाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "व्हय, ह्याचा बाप्तिस्मा न्हाय झाला अजून, येवढं खरं." पाळकसाहेबांनाही हसू आवरलं नाही. मास्तर मात्र हसले नाहीत.

पण एस्तेरबाई सदा हसऱ्या होत्या असं कुणी समजू नये. त्यांचा कठोरपणा मी भोगला आहे. आवाराच्या भिंतीशी रुईची झुडपं होती. त्यांच्या पानांखाली फुलपाखरांचे कोश लटकायचे, हिरवट, वर सोन्यासारखे ठिपके. बाई आम्हाला ते रोज येऊन बघायला लावायच्या. प्रभू थडग्यात होता तेव्हा बाहेरच्यांना काय दिसत होतं, तर हेच, बंद दार, असं सांगायच्या. मला धीर निघेना. एका रविवारी मी नखाने एक कोश फोडला. आतून एक ओला, चुरगळलेला जीव बाहेर आला, त्याचे पंख काही उघडेनात. बाई मला रागावल्या नाहीत. त्यांनी सगळ्या वर्गाला गोल बसवलं आणि तो जीव मरेपर्यंत आम्हाला बघायला लावलं. मी रडत होते. त्यांनी मला जवळ घेतलं नाही, डोळेही पुसले नाहीत.

शेवटी एवढंच म्हणाल्या, "उकरून बघायचं न्हाय. देवाला घाई न्हाय, घाई तुमालाच हाय."

उकरून बघायचं नाही. मोशेच्या दहा आज्ञांनंतर आमच्या शब्बाथशाळेची ही अकरावी. तिची खरी परीक्षा व्हायची ती बोळक्यांच्या वेळी.

बोळक्यांचं असं होतं. संक्रांतीला न खपलेली मातीची बोळकी बाई कुंभाराकडून मागून आणायच्या. ती संक्रांतीची म्हणून यावरही मास्तरांची कुरकुर होतीच. उत्तम शुक्रवारी दुपारी तीन तासांची मोठी उपासना आटोपली, की प्रत्येक मुलाने आपलं बोळकं घ्यायचं, त्यावर कोळशाने नाव लिहायचं, आत ओली माती भरायची आणि घरून आदल्या रात्री भिजवून आणलेलं बी त्यात पुरायचं. वर खापरी ठेवून तोंड बंद. सगळी बोळकी देवळाच्या मागच्या ओसरीवर रांगेने मांडायची आणि रविवारच्या पहाटेपर्यंत तिकडे फिरकायचं नाही. बी मटकीचं, मुगाचं किंवा हुलग्याचं, कारण सोलापूरच्या उन्हाळ्यात त्यांना दीड दिवसात मोड येतात. पुनरुत्थानाच्या दिवशी, म्हणजे ईस्टरला, पहाटेची उपासना झाली की आम्ही धावत ओसरीवर. बाई एकेकाची खापरी उचलायच्या, बोटाने माती बाजूला करायच्या आणि पांढराशुभ्र मोड दिसला की फक्त नाव घ्यायच्या, "रजनी. सॅम्युएल. कुसुम." माझ्या आठवणीत कुणाचं बी आलं नाही असं कधी झालं नाही. आम्हाला त्यात काही वावगं वाटलं नाही. देवाचं काम म्हटल्यावर ते शंभर टक्के असायचंच.

त्या वर्षी नाताळानंतर आमच्या घरी भाऊ जन्मला आणि नऊ दिवसांनी गेला. आई भिंतीकडे तोंड करून झोपली ती उठेचना. वडील चादरीच्या कारखान्यात फिटर होते. ते पहाटे काहीतरी रांधायचे आणि कामावर जायचे. शेजारच्या गौरव्वा काकू भाकरी आणून द्यायच्या, कानडीत तिची समजूत घालायच्या. आई कूस बदलायची नाही. देवळात यायची तर तिने बंदच केलं होतं. एस्तेरबाई भेटायला आल्या तेव्हा भिंतीकडे तोंड ठेवूनच ती म्हणाली, "बाई, देवाचं नाव माझ्यापुढे काढू नका." बाईंनी नाही काढलं. तासभर तिच्या पायाशी बसून राहिल्या आणि उठल्या.

मी त्यांना दारापर्यंत पोचवायला गेले आणि सांगून टाकलं. "बाई, मी देवाला सांगितलंय. यंदा माझं बी आलं, तर आई उठली पाहिजे."

बाई थांबल्या. "असला सौदा देवाशी करायचा न्हाय, विमल."

"मी केला."

त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि त्या गेल्या. त्या वेळी त्यांच्या मनात काय आलं असेल ते मला पुढे कळलं.

गुरुवारी संध्याकाळी मी फडताळातून बी काढलं. वरच्या फळीवर एक पत्र्याचा डबा होता, त्यात हुलगे होते. मूठभर काढले, वाटीत भिजत घातले, शुक्रवारी नेऊन त्यातले चार पुरले. रविवारी पहाटे बाईंनी माझी खापरी उचलली. चारही हुलग्यांना मोड. बाईंनी माझं नाव घेतलं, जरा हळूच. मी ते चार हुलगे मुठीत घेऊन जी पळत सुटले ती शुक्रवार पेठेत येऊन थांबले.

आईच्या उशाशी बसून मी मूठ उघडली. तिने मान वळवली ती केवळ मी फार धापा टाकत होते म्हणून.

"कुठले घेतलेस हे?"

"वरच्या डब्यातले."

"पत्र्याच्या?"

"हो."

आई उठून बसली. तीन महिन्यांत पहिल्यांदा, कुणी हात न देता. "ते भाजलेले होते, विमल," ती म्हणाली. "बाळंतपणात प्यायच्या माडग्यासाठी म्हणून मी भाजून ठेवलेले. दळायचे राहून गेले."

भाजलेल्या हुलग्याला मोड येत नाहीत. हे दहा वर्षांच्या मलाही ठाऊक होतं. आईने ते चार दाणे माझ्या तळहातावरून आपल्या तळहातावर घेतले. मग वडिलांना हाक मारून म्हणाली, तोंड धुवायला पाणी द्या. वडील चुलीपुढून उठले, तांब्या भरून आणला आणि तो हातात धरून उंबऱ्यातच रडत उभे राहिले.

पुढच्या रविवारी आईने देवळात उभं राहून साक्ष दिली. आमच्यात देवाने आपल्यासाठी काय केलं ते उभं राहून चारचौघांत सांगतात, त्याला साक्ष म्हणतात. तिने नऊ दिवसांच्या बाळाचं सांगितलं, डब्याचं सांगितलं, आपण स्वतःच्या हाताने हुलगे खमंग भाजले होते हे सांगितलं. बायका डोळ्यांना पदर लावत होत्या. पाळकसाहेबांनी त्यावरच उपदेश केला. मी मागे वळून एस्तेरबाईंकडे पाहिलं. त्या शेवटच्या बाकावर मान खाली घालून बसल्या होत्या आणि पदराची गाठ सोडत होत्या, बांधत होत्या. मला वाटलं, केवढा हा नम्रपणा.

त्या चमत्कारावर आमचं घर वर्षभर जगलं. आई पुन्हा गाणी म्हणायला लागली. लोक घरी येऊन तिला प्रार्थना करायला सांगत. पुढचा वसंत आला तेव्हा तिला पुन्हा दिवस गेले होते, सातवा महिना लागला होता. पहिल्या खेपेची धास्ती घरात होती, पण आई म्हणायची, "ज्याने भाजलेलं उगवलं, तो हेही सांभाळेल." तिला धास्ती नव्हती. ती माझ्या वाट्याला आली होती. या वेळी मी चांगलं बी नीट निवडून पुरलं, पण शनिवारी दुपारी मला राहवेना. आलं असेल का? नसलं आलं तर? मी अकरावी आज्ञा मोडायची ठरवली आणि भर उन्हात देवळाच्या मागच्या ओसरीवर गेले.

तिथे एस्तेरबाई उकिडव्या बसल्या होत्या. पुढ्यात पितळी वाटी आणि वाटीत ओल्या फडक्यावर मोड आलेले हुलगे, मटकी, मूग. एका बोळक्याची खापरी काढून त्या आत उकरत होत्या. न आलेला दाणा त्यांनी काढला, पदरात टाकला, आणि वाटीतला मोडाचा दाणा जागेवर ठेवून माती सारखी केली. मग मान वर केली आणि मला पाहिलं.

"उकरायचं नाही म्हणता," मी म्हटलं.

"व्हय."

"दरवर्षी?"

"ज्येंचं आलेलं नसतं त्येंचंच." त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता, याची मला जास्त चीड आली. "पयल्या वर्षी एका पोरीचं आलं न्हाय. ती म्हणली, देवाला मी नगं हाय. परत शाळंला आलीच न्हाय. तवापासनं."

"आणि माझे? गेल्या वर्षीचे?"

त्यांनी हातातली खापरी बोळक्यावर ठेवली. मी पुन्हा विचारलं.

"तुझे भाजलेले हायत हे मला ठावं न्हवतं गं. मला वाटलं, किडकं बी असंल. आई उठली पायजे म्हणली हुतीस तू. म्हणून बदलले."

"मग आईने साक्ष दिली तेव्हा का नाही बोललात?"

"उठलेल्या माणसाला परत निजवू का?"

 त्या क्षणी मला एवढंच कळलं, की देव माझ्याशी बोललाच नव्हता. देवाचा आवाज काढून एस्तेरबाई बोलल्या होत्या. ज्या बाईने माझ्या डोळ्यांदेखत एक जीव मरू दिला, कारण खरं ते बघायला शिकायचं असतं, त्याच बाईने माझी एवढी मोठी गोष्ट पितळी वाटीतून आणून भरली होती. माहीत नाही म्हणायला आम्हाला शिकवलं आणि स्वतः एकदाही म्हटलं नाही. मी तिथून निघाले. त्यांनी हाक मारली नाही. मी वळून पाहिलं तर त्या पुढच्या बोळक्यावरची खापरी उचलत होत्या.

दुसऱ्या दिवशी ईस्टर. सगळ्यांचे मोड आले होते, माझेही. माझे खरेच आले होते की तिथेही वाटी पोचली होती, हे मी विचारलं नाही. दानिएल मास्तर ओसरीवरून चालले होते. माझ्या डोक्यावर हात ठेवून ते म्हणाले, "काय विमल, यंदाही चमत्कार?" आणि मी सांगून टाकलं. वाटी, फडकं, बदललेले दाणे, सगळं. गेल्या वर्षीच्या माझ्या हुलग्यांबद्दल मी अवाक्षर काढलं नाही. ते आपोआप ओघाने येईल हे माझ्या लक्षातच आलं नाही. रागात माणूस एक दगड मारतो, तो कुठवर घरंगळत जाईल ते बघत नाही. मास्तरांनी चष्मा काढला, रुमालाने पुसला आणि पुन्हा घातला.

पुढच्या रविवारी उपासनेनंतर मंडळी बसून राहिली. एस्तेरबाईंना पुढे बोलावलं. त्या म्हणाल्या, "व्हय, बदलते. बारा वर्षं झाली." कुणीतरी मागून म्हणालं, पोरांना पुनरुत्थान खोटं शिकवलं.  मग मास्तर उठले.

"गेल्या वर्षी याच देवळात एका भगिनीने साक्ष दिली. भाजलेल्या हुलग्यांची. तेही तुमचंच काम काय?"

सगळ्या माना आईकडे वळल्या. आई पहिल्या बाकावर होती, एक हात पोटावर ठेवून. दुसऱ्या हाताने तिने माझं मनगट धरलं होतं आणि तिची बोटं गार पडत चालली होती. बाईंनी आधी आईकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"न्हाय," त्या म्हणाल्या. "त्या बोळक्याला मी हात लावला न्हाय."

"शास्त्रावर हात ठेवून सांगाल?"

बायबल पुढे आलं. एस्तेरबाईंनी पदराला हात पुसला, पुस्तकावर ठेवला आणि तेच वाक्य पुन्हा म्हटलं, एक शब्द न बदलता. आईच्या बोटांत ऊब परत आली. मी बोलले नाही. मी तेव्हा उठले असते तर आई बसल्या जागी कोसळली असती, हे बाईंना ठाऊक होतं आणि मला ठाऊक आहे हेही त्यांना ठाऊक होतं. त्यांनी मला दोनदा फसवलं. एकदा चोरून, आणि दुसऱ्यांदा सगळ्यांसमोर, मला त्यात सामील करून घेऊन. मी त्यांची चुगली केली होती, हे मला कबूल आहे. पण माझी चुगली एका रविवारी संपली. त्यांनी माझ्या गळ्यात बांधलं ते मला जन्मभर वागवावं लागलं.

शब्बाथशाळा गेली, बालवाडी गेली आणि महिन्याभरात आवारातली खोलीही सोडावी लागली. त्या वैरागला भावाकडे जायला निघाल्या तेव्हा आईने अवघडलेल्या पोटाने जाऊन त्यांना शेंगाचटणी आणि भाकऱ्या बांधून दिल्या. तुमच्यामुळेच मी देवळात परत आले, असं म्हणून त्यांच्या गळ्यात पडून रडली. हे मला आईनेच सांगितलं. मी गेले नव्हते. नंतर ओसरीवर जाऊन पाहिलं, तर सगळी बोळकी धुऊन पालथी घालून ठेवली होती.

जून लागता लागता जीवन जन्मला, माझा भाऊ, धडधाकट. आई त्याला हुलग्यांची गोष्ट सांगत वाढली, म्हणजे त्याला वाढवत गेली. पुढे त्याच्या मुलांना सांगितली, माझ्या मुलांना सांगितली आणि दर वेळी शेवटी माझ्याकडे बघून म्हणायची, "विचारा हिला, हिनेच आणले होते." मी मान हलवायचे. आई गेली त्या आठवड्यातही मी मान हलवली.

एस्तेरबाई मला त्यानंतर एकदाच दिसल्या. मधे आठ-नऊ वर्षं गेली होती, मी नर्सिंग शिकत होते आणि लस टोचायला आमची एक तुकडी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत गेली होती. मार्चअखेरचं ऊन, टॉवेलच्या कारखान्यांतून मागांचा खडखडाट, मागवाल्यांच्या पोरांसाठी पत्र्याच्या शेडमध्ये चालणारी एक बालवाडी. मी लसीची पेटी घेऊन दारात उभी राहिले आणि निळा काठ ओळखला. केस पांढरे झाले होते. पोरं कुणी तेलुगू बोलणारी, कुणी दखनी, कुणी आमच्यासारखी. भिंतीशी रांगेने बोळकी मांडलेली होती, उघडी. वर खापऱ्या नव्हत्या. बहुतेकांतून मोड वर आले होते, तीन-चार नुसत्या मातीची होती.

बाईंनी मला लगेच ओळखलं. "विमल. आई बरी हाय?"

"बरी आहे."

"सांगितलं न्हाईस न्हवं?"

"नाही."

"बरं केलंस," त्या म्हणाल्या. जणू मी त्यांचा निरोप पोचवून आले होते.

मी पेटी खाली ठेवली. किती वर्षं मनात घोळवलेलं भांडण होतं, पण तेवढ्यात पाचेक वर्षांची एक मुलगी आपलं बोळकं दोन्ही हातांत धरून आली. तिच्या बोळक्यात काही उगवलं नव्हतं. "बाई, माजं आलं न्हाई," ती म्हणाली.

बाईंनी आत बघितलं. "न्हाय आलं," त्या म्हणाल्या.

"का?"

"म्हाईत न्हाय."

मुलगी त्यांच्याकडे बघत राहिली. रडली नाही, पळाली नाही, देवाला मी नको आहे असंही म्हणाली नाही.

"यांना खरं सांगता तुम्ही?" मी विचारलं.

"तू उकरलंस तवापासनं," त्या म्हणाल्या. एवढं बोलून त्यांनी माझ्याकडे पाठ केली.

मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. 'म्हाईत न्हाय' हे दोन शब्द मी दहा वर्षांची असताना, मुठीत चार दाणे घेऊन शुक्रवार पेठेकडे पळत सुटण्याआधी, मला कुणी सांगायला हवे होते. ते माझे होते. एस्तेरबाई त्या मुलीपुढे उकिडव्या बसल्या, तिचं बोट धरून ओल्या मातीत खळगा केला, आणि पोरीच्या डोळ्यांदेखत, काहीही न लपवता, पदराच्या गाठीतून दुसरं बी सोडवायला लागल्या.